रोजचं ‘धा धिं धिं धा’: लहान मूल तबला शिकतं तेव्हा घरात नेमकं काय घडत असतं?

संध्याकाळचे सात वाजलेत. नागपूरच्या दक्षिण टोकाला, म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वर रोडने पुढे निघालं की एकामागून एक लेआउट लागतात. अशाच एखाद्या लेआउटमधलं घर डोळ्यांसमोर आणा. पुढच्या खोलीत सतरंजी, सतरंजीवर दोन चुंबळी, त्यावर तबला आणि डग्गा आणि त्यांच्यामागे मांडी घालून बसलेली सात वर्षांची पोरगी.

स्वयंपाकघरातून आवाज येतो, “वाजवून राहिली का झोपून राहिली तू?”

“वाजवून राहिली ना आई!”

आणि मग टक्. टक्. टक्. धप्प. परत टक्.

क्लास लावून सहा महिने झालेत. फी भरणं सुरू आहे, आठवड्यातून दोनदा गाडीवर सोडणं-आणणं सुरू आहे, आणि सरांच्या बोटातून खणखणीत निघणारा ‘ना’ पोरीच्या बोटातून अजूनही टक् असाच निघतो. बाबांना वाटतं, हिला आवडत नसेल तर कशाला जबरदस्ती? आईला वाटतं, आत्ता सोडलं तर ही पुढे सगळंच सोडेल. आजी म्हणते, पोरीच्या जातीला पेटी लावायची सोडून तबला कुठून काढला! आणि शेजारच्या काकू काही म्हणत नाहीत, पण दुपारी सराव सुरू झाला की त्यांची खिडकी बंद होते.

हे घर काल्पनिक आहे, पण वाद्य शिकणारं लहान मूल ज्या घरात असतं तिथे हा प्रसंग थोड्याफार फरकाने घडतोच. सोडायचं की चालू ठेवायचं हा निर्णय बहुतेक वेळा याच टक्-धप्पच्या काळात होतो. म्हणून या काळात नेमकं काय चाललेलं असतं, ते जरा नीट समजून घेऊ.

एक ‘ना’ वाजवायला एवढं काय लागतं?

तबल्याची पुडी जवळून पाहिली तर तिचे तीन भाग दिसतात. कडेची पट्टी म्हणजे चाट, मधला काळा गोल म्हणजे शाई आणि या दोघांच्या मधली जागा म्हणजे लव. ‘ना’ वाजवताना तर्जनी चाटेवर मारायची असते. त्याच वेळी अनामिका शाईच्या कडेला हलकीच टेकलेली हवी आणि मधलं बोट वर उचललेलं हवं. म्हणजे एका हाताच्या तीन बोटांना एकाच क्षणी तीन वेगळी कामं. एकाने मारायचं, एकाने नुसतं टेकायचं आणि एकाने मधे यायचं नाही.

सात वर्षांच्या मुलाला अनामिका वेगळी हलवणं मुळातच जड जातं. तर्जनी जोरात मारायला गेलं की अनामिकाही जोरात दाबली जाते. तसं झालं की पुडीचं कंपन जागीच मरतं आणि कानावर येतो तो टक्. पोरगी आळशी नाही, तिच्या कानालाही काही झालेलं नाही. ती दोन बोटांची फारकत करायला शिकत असते, आणि त्याला महिने लागतात.

अनामिकेच्या या टेकण्यामागे भौतिकशास्त्र आहे, आणि ते उलगडणारा माणूस साधासुधा नव्हता. सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी, १९२० साली, रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर एक टिपण प्रसिद्ध केलं. रामन तेव्हा कलकत्त्यात होते. पण नागपूरकरांनी लक्षात ठेवावं असं काही यात असेल तर ते हे की त्याआधी, अर्थखात्यात नोकरीला असताना, १९१० साली त्यांची बदली नागपुरातही झाली होती.

रामन यांचं म्हणणं थोडक्यात असं. साधा ढोल वाजवला की त्यातून एकाच वेळी बरेच नाद निघतात, पण त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. त्यामुळे कानाला ‘धडाम’ ऐकू येतं, सूर ऐकू येत नाही. तार छेडली की मात्र मूळ नादाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे हिशेबात बसणारे नाद उठतात आणि म्हणून ती सुरात वाटते. तबला आणि मृदंग ही तालवाद्यं असूनही तारेसारखी वागतात. याचं कारण म्हणजे मधली शाई. लोहचूर्ण आणि पिठाची खळ यांचे थरावर थर देत, दगडाने घासत ती बसवलेली असते. मध्यभागी आलेल्या या वजनामुळे पुडीचे विस्कळीत नाद रांगेत येतात.

आता अनामिकेकडे परत येऊ. ती शाईच्या कडेला नेमकी आणि हलकी टेकली की सगळ्यात खालचा नाद दबतो आणि त्याच्या वरचा स्वच्छ उठतो. तोच ‘ना’. जागा चुकली किंवा दाब वाढला की सगळेच नाद दबतात. पोरगी टक् वाजवते तेव्हा ती बरोबर उत्तराच्या अगदी जवळ, काही मिलिमीटर आणि थोड्याशा दाबाइतकी दूर असते. फक्त ते कुणाला दिसत नाही. तिलाही नाही.

म्हणूनच चांगले शिक्षक पहिल्या वर्षी नवे कायदे पटापट देत नाहीत, याची पालकांना चीड येते. “शेजारच्या क्लासमध्ये पोरं गाणी वाजवून राहिली, आमची अजून ना-तिं वरच!” ही तक्रार समजण्यासारखी आहे. पण बोटाला एकदा चुकीच्या दाबाची सवय लागली की ती मोडणं नवं शिकण्यापेक्षा अवघड होऊन बसतं. या बाबतीत सावकाश जाणाऱ्या सरांवर थोडा विश्वास टाकलेला बरा.

कूलर लागला की तबला उतरतो

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या पालकांना कदाचित माहीत नसेल. नागपुरात मात्र तो दर उन्हाळ्यात भेटतो.

पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते. कातडं हवेतला ओलावा धरतं आणि सोडतं. हवा कोरडी झाली की ते आखडतं, ताण वाढतो आणि तबल्याचा स्वर चढतो. हवा दमट झाली की ते सैलावतं आणि स्वर उतरतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत पोचतो, दुपारची हवा पापड वाळावा इतकी कोरडी असते. मग घरोघरी काय सुरू होतं? कूलर. कूलर म्हणजे पाण्यातून ओढलेली हवा, अर्थात दमट.

म्हणजे सकाळी सरांनी काळी एकला मिळवून दिलेला तबला दुपारी बंद खोलीत चढतो आणि संध्याकाळी कूलरसमोर बसून वाजवला की मलूल पडतो. पोरगी म्हणते, “आई, तबला बिघडला.” आई म्हणते, “तुला नाही वाजवायचं म्हणून तू काहीही सांगते.” इथे पोरीचं म्हणणं खरं असतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला फरक ऐकू आलेला असतो. सहा महिन्यांपूर्वी तिला तो ऐकू आला नसता. बोटं अजून टक्-टक् करत असली तरी कान पुढे गेलेला असतो. घरात कुणाच्या हे लक्षातही येत नाही, आणि सराव टाळण्याचा बहाणा म्हणून ती प्रगती निकालात निघते.

उपाय साधे आहेत. तबला कूलरच्या थेट झोतात ठेवायचा नाही आणि उन्हात तर अजिबातच नाही. ताणलेली पुडी कडक उन्हात तडकू शकते, आणि पुडी बदलायची म्हणजे पैसेही जातात आणि वाद्य काही दिवस दुरुस्तीला अडकतं. सराव झाला की झाकण घालून घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवायचा. पावसाळ्यात उलटा त्रास असतो. तेव्हा स्वर उतरलेलाच राहतो आणि हातोडी जास्त लागते.

हातोडीचंही थोडं सांगायला हवं. पुडीच्या कडेला विणलेला जो जाड वेढा असतो तो गजरा. त्यावर वरून ठोकलं की स्वर चढतो आणि खालून वर ठोकलं की उतरतो. मोठा फरक करायचा असेल तर वाद्यांखाली अडकवलेले लाकडी गठ्ठे सरकवतात. वाद्या म्हणजे चामड्याच्या पट्ट्या. गजऱ्याभोवती सोळा घरं असतात आणि सगळ्या घरांत स्वर सारखा यावा लागतो. लहान मुलाच्या हातात हातोडी द्यायची नसते, नाहीतर ती शाईवर बसलीच म्हणून समजा. पण सर किंवा घरातलं कुणी तबला मिळवत असताना मुलाला शेजारी बसवून “आता चढला का उतरला, सांग बरं” एवढं विचारलं तरी तो अर्धा तास फुकट जात नाही. संदर्भासाठी पेटी नसेल तर मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप चालतं.

उन्हाळ्यात आणखी एक प्रकार घडतो, तो पावडरचा. घामेजलेली बोटं पुडीवर चिकटतात, म्हणून वाजवणारे हाताला पावडर लावतात. एकदा हे कळलं की सात वर्षांच्या मुलाचा सरावाआधीचा पाव तास पावडर लावण्यात जातो. सतरंजी पांढरी, फ्रॉक पांढरा, तबला पांढरा आणि वादन शून्य. याला शास्त्रीय उत्तर काही नाही. डबा वर ठेवायचा.

आधी तोंड, मग हात

तबल्याच्या क्लासला पहिल्यांदा गेलेले पालक एका गोष्टीने बुचकळ्यात पडतात. पोरं वाजवत कमी असतात आणि बडबडत जास्त असतात. हाताने टाळ्या देत ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा’ सुरू असतं. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात हवेत. याला पढंत म्हणतात.

याकडे वेळकाढूपणा म्हणून पाहणारे पालक बरेच असतात. खरं तर तबल्याच्या शिक्षणाचा हा कणा आहे. तबल्यातला प्रत्येक आघात एक अक्षर आहे आणि ती अक्षरं तोंडाने म्हणता येतात. बोटांचं काम काढून घेतलं की मुलाचं सगळं लक्ष लयीवर राहतं. जी रचना तोंडाने अडखळते ती हाताने सुटत नाही, हे कुठलाही तबलजी सांगेल.

उस्ताद झाकीर हुसेन यांनी स्वतःच्या जन्माची गोष्ट मुलाखतींमध्ये अनेकदा सांगितली होती. बाळाला घरी आणल्यावर वडिलांनी कानात प्रार्थना म्हणायची रीत. उस्ताद अल्लारखा यांनी बाळाच्या कानात तबल्याचे बोल म्हटले. आई रागावली तेव्हा त्यांचं उत्तर होतं की हीच माझी प्रार्थना. पुढे मुंबईत माहीमला सातेक वर्षांचा झाकीर पहाटे उठून वडिलांसमोर बसायचा, त्या शिकवणीतही तोंडाने बोल म्हणण्याला मोठी जागा होती. मुलाने तबल्यापेक्षा शाळेकडे लक्ष द्यावं असं त्याच्या आईला वाटायचं, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. म्हणजे हुडकेश्वरच्या घरातला वाद उस्तादांच्या घरातही झालेला आहे.

लय शरीरातून कानात शिरते, याचा एक गमतीदार पुरावा विज्ञानाकडे आहे. कॅनडातल्या जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर या संशोधकांचा प्रयोग २००५ साली ‘सायन्स’मध्ये आला. सात महिन्यांच्या बाळांना एक असा ठेका ऐकवला ज्यात कुठल्याच ठोक्यावर जोर नव्हता. ऐकवताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला कुशीत हलवलं आणि काहींना दर तिसऱ्या. नंतर दोन्ही प्रकारचे ठेके ऐकवले तेव्हा बाळं त्याच ठेक्याकडे जास्त वेळ कान देत होती ज्यावर त्यांना हलवलं होतं. नुसतं दुसऱ्याला हलताना पाहिलेल्या बाळांवर हा परिणाम दिसला नाही. आजी मांडीवर घेऊन थोपटते तेव्हा ती बाळाला मात्रा मोजायला शिकवत असते, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. विदर्भात तर यात भजनाचीही भर पडते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरीचा ठेका अंगणात, देवळात, सामुदायिक प्रार्थनेत ऐकत मोठी झालेली पिढी आज आजी-आजोबा आहे. त्यांना तीनताल हा शब्द माहीत नसेल, पण पोरगी लय सोडते तेव्हा कपाळावर आठी पहिल्यांदा त्यांच्याच उमटते.

“एकदा वाजवलं, झालं!”

आता रोजच्या भांडणाकडे. सरांनी सांगितलंय, रोज वीस मिनिटं. पोरगी बसते, दिलेला धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाजवते, मधे तीनदा अडखळते, तशीच पुढे जाते, आणि चौथ्या मिनिटाला उठते. “झालं.” “एवढ्यात कसं झालं?” “सगळं वाजवलं ना मी!”

ही पळवाट फक्त आपल्या घरात नाही. ऑस्ट्रेलियात गॅरी मॅकफर्सन आणि जेम्स रेनविक यांनी वाद्य शिकणाऱ्या काही मुलांच्या घरच्या सरावाचं चित्रीकरण करून ते तपासलं. मुलांचा बहुतांश वेळ धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता वाजवून काढण्यात जात होता. चूक झाली तिथे थांबणं, तेवढाच तुकडा परत घेणं, लय कमी करून पाहणं, हे जवळजवळ नव्हतंच. कारण सोपं आहे. सराव म्हणजे काय, हे मुलाला कुणी शिकवलेलंच नसतं. ‘वीस मिनिटं बस’ ही सूचना वेळेबद्दल आहे, कामाबद्दल नाही.

तबला न येणारे आई-बाबा इथेच सगळ्यात जास्त कामाचे ठरू शकतात. त्यांना बोल कळायची गरज नाही. अडखळल्याचा आवाज कुणालाही कळतो. “आत्ता जिथे थांबली ना, तेवढंच चारदा दाखव” एवढं म्हटलं की वीस मिनिटांचं ओझं हलकं होतं, कारण कामाला टोक येतं. त्याहून चांगलं म्हणजे मुलालाच शिक्षक करायचं. “मला टाळी कुठे द्यायची शिकव.” बाबा नवव्या मात्रेला टाळी देऊन चुकतात, पोरगी कपाळावर हात मारून घेते आणि त्या नादात तीनताल वीस वेळा होऊन जातो.

मॅकफर्सन यांच्या आणखी एका अभ्यासाचा उल्लेख करायला हवा. १५७ मुलांना वाद्य हातात घेण्याआधीच विचारलं गेलं की तुम्ही हे किती दिवस वाजवणार असं वाटतं? पुढे असं दिसलं की ‘खूप वर्षं’ म्हणणारी मुलं ‘बघू या, या वर्षी’ म्हणणाऱ्यांपेक्षा बरीच पुढे गेली, आणि सराव जास्त करणाऱ्यांमध्ये हा फरक अधिक ठळक होता. सात-आठ वर्षांच्या मुलाची अशी कल्पना कुठून येते? घरातल्या बोलण्याचा त्यात वाटा असणारच. रोज जेवताना “जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी कराटे” असं कानावर पडत असेल तर मूल कराटेची वाट पाहू लागतं.

आणि ज्या दिवशी खरंच नको असतं त्या दिवशी? शाळेत काहीतरी झालेलं असतं, डोळे मिटत असतात. अशा दिवशी रडवून वाजवून घेतलेल्या वीस मिनिटांतून तबला शिकला जात नाही. तोंडाने एक आवर्तन म्हणून झाकण घातलं तरी रोजची गाठ तुटत नाही. शेजारच्या काकूंचाही विचार याच हिशेबात करावा. लेआउटमधली घरं भिंतीला भिंत लागून असतात आणि डग्ग्याचा खर्ज भिंत ओलांडतो. दुपारची झोप सोडून ठरलेली एक वेळ काकूंना आधीच सांगितली तर खिडकी बंद होत नाही. कधी कधी काकू स्वतःच विचारतात, आज आवाज कसा नाही आला?

परीक्षा, दहावीचे गुण आणि सज्जावरचा तबला

सरावाचं भांडण शेवटी एका कागदापाशी येऊन थांबतं, तो म्हणजे परीक्षेचा फॉर्म.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तोवर संगीत बहुतेक करून गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळून शिकायची गोष्ट होती. पलुस्करांनी वर्ग, अभ्यासक्रम, पुस्तकं आणली आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींसाठी दार उघडलं. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी आज गावोगावच्या क्लासला माहीत आहे. हुडकेश्वरसारख्या वस्तीतल्या पोरीला घराण्याशी काही नातं नसताना तबला शिकता येतो, तो या वाटेमुळे. हे श्रेय परीक्षांना द्यायलाच हवं.

पण दुसरी बाजूही आहे. महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात. कलेला शाळेने मान द्यावा ही त्यामागची भावना चांगलीच आहे. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच घरांत गणित उलट मांडलं जातं. दहावीपर्यंत किती परीक्षा बसतात ते मोजायचं आणि तेवढ्यासाठी क्लास लावायचा. मग वर्षभर फक्त परीक्षेचा कायदा, परीक्षेचा तुकडा, तोंडी प्रश्नांची पाठ केलेली उत्तरं. दहावीचा निकाल लागला की तबला कापडात बांधून सज्जावर जातो. पाच-सहा परीक्षा पास झालेलं मूल घरच्या भजनाला साध्या केरव्याची साथ करायला बिचकतं, कारण ते ‘सिलॅबसमध्ये नव्हतं’. हे त्या मुलाचं अपयश नक्कीच नाही.

हुशारीच्या आमिषाचंही तसंच. ‘संगीत शिकलं की गणित सुधारतं’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं वाक्य बरंचसं १९९३ च्या एका प्रयोगावरून आलंय. त्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला होता आणि एका विशिष्ट चाचणीत थोड्या वेळापुरता फरक दिसला होता. त्यात लहान मुलं नव्हती, वाद्य शिकणंही नव्हतं. त्यातल्या त्यात नीट केलेला प्रयोग म्हणजे ग्लेन शेलेनबर्ग यांचा, २००४ चा. सहा वर्षांच्या १४४ मुलांपैकी काहींना कीबोर्ड, काहींना गायन, काहींना नाटक शिकवलं आणि काहींना काहीच नाही. वर्षभराने सगळ्यांचाच बुद्ध्यांक वाढला. संगीतवाल्यांचा सरासरी सात गुणांनी, बाकीच्यांचा चारच्या आसपास. फरक आहे, पण लहान आहे. आणि इतरांशी वागण्या-बोलण्यात सुधारणा दिसली ती नाटकवाल्या मुलांत! केवळ गुणांसाठी तबला लावायचा असेल तर त्यापेक्षा गणिताची शिकवणी स्वस्त पडेल.

मग मिळतं काय? नागपूरचंच एक उदाहरण घ्या. गेल्या शतकात इथे शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकायला मुलं जायची. त्यातला एक १९२० साली मूर्तिजापूरला जन्मलेला मुलगा पुढे डॉ. वसंतराव देशपांडे झाला. दुसरा एक विद्यार्थी मुंबईला जाऊन सी. रामचंद्र नावाने हिंदी सिनेमाचा मोठा संगीतकार झाला. एकाच गुरूकडून निघालेल्या या दोन वाटा. पण त्या वर्गात आणखीही मुलं असणार, ज्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. ती कारकून, मास्तर, दुकानदार झाली असतील. पुढे कधी वसंतरावांची मैफल ऐकताना समेवर त्यांची मान बरोबर हलली असेल. अशी मान हलवणारी माणसं नसतील तर मैफल कुणासमोर करायची?

राहता राहिली आजीची पेटीची तक्रार. मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी ज्या काळात एकल तबलावादन सुरू केलं त्या काळात मंचावर तबल्यामागे बाई दिसणं ही बातमी होती. त्यांनी तबल्याच्या घराण्यांवर ग्रंथही लिहिला. आज अनुराधा पाल यांच्यासारखं नाव जगभर ऐकलं जातं. आजीला हे सांगून फार उपयोग होत नाही. पोरगी वाजवताना आजीला शेजारी बसवण्याचा होतो.

साडेआठ वाजतात. ताटं मांडली जातात, वरण-भात, वांग्याची भाजी. पोरीचा उजवा हात जेवतोय आणि डावा ताटाच्या कडेवर चाललाय.

“ताट वाजवू नये बेटा, जेवताना,” आजी म्हणते.

बोटं थांबत नाहीत. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. मग एकाएकी हात वर, हवेत.

“थांबली का गं?”

“नाही आजी. खाली आली.”

अनामिका थाळीच्या काठाला हलकीच टेकलेली असते. यावेळी स्टीलमधून जो आवाज निघतो तो टक् नसतो.